पहिला प्लॉट, पहिल्या खोल्या: मराठवाड्यात घरजागेत पैसा घालताना

मराठवाड्यात घरजागेत पैसा घालणारे बहुतेक जण स्वतःला गुंतवणूकदार म्हणवत नाहीत. भूसंपादनाचा मावेजा आलेला शेतकरी असतो, निवृत्तीची रक्कम हातात पडलेले गुरुजी असतात, वाळूजच्या कंपनीत उमेदीची वर्षं घालवलेला ऑपरेटर असतो. रक्कम दहा लाखांपासून चाळीस लाखांपर्यंत, आणि बहुधा एकदाच येणारी. अशा माणसाला एजंट भेटतो तो "सर, दोन वर्षांत डबल" म्हणतच.

डबल होईल की नाही ते कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक जागेला एकच प्रश्न लावा: ही जागा मला उद्या बँकेचं कर्ज काढून घेणाऱ्या माणसाला विकता येईल का? येत असेल तर कागद, रस्ता आणि बांधकाम परवानगी यांचं बरंचसं जुळलेलं असतं. येत नसेल तर ती फक्त रोखीवाल्याला विकावी लागते, आणि रोखीवाला गरज ओळखून भाव पाडूनच मागतो. स्वस्त प्लॉट स्वस्त असण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवतीच फिरतात.

पायरी १: आधी किरायाचं गणित

जागा बघायला जाण्याआधी वही काढा. भाव वाढेल हा भाग बाजूला ठेवा आणि नुसत्या किरायावर काय सुटतं ते मांडा.

समजा, छत्रपती संभाजीनगरात टू बीएचके फ्लॅट ३५ लाखांना मिळतोय. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक अधिभार मिळून ६ टक्के धरा, म्हणजे २,१०,०००. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. वकील, दलाली, किरकोळ धरून ३८ लाखांत घर पडलं. किराया १०,००० धरला तरी वर्षातला एक महिना घर रिकामं जातंच, म्हणून ११ महिन्यांचे १,१०,००० धरायचे. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, नळदुरुस्ती, रंगरंगोटीचे २५,००० गेले. उरले ८५,०००. म्हणजे ३८ लाखांवर सव्वादोन टक्के. यासाठी साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचं २६ लाखांचं कर्ज काढलं असेल, तर हप्ता साडेबावीस हजारांच्या आसपास येतो. खर्च जाऊन किरायाचे सातेक हजारच उरतात, म्हणजे दर महिन्याला पंधरा-साडेपंधरा हजार खिशातून भरत तुम्ही भाव वाढायची वाट बघणार. पगार पक्का असेल तर हे चालून जातं. शेतीच्या उत्पन्नावर असा हप्ता घेऊ नका. एका खराब हंगामात तो अंगावर येतो.

आता दुसरं उदाहरण. ९०० चौरस फुटांचा एनए (बिगरशेती) प्लॉट, १,५०० च्या भावाने साडेतेरा लाख. रजिस्ट्री ९५ हजारांच्या आत. खाली-वर मिळून १,००० चौरस फूट बांधकाम, १,८०० च्या दराने १८ लाख. नकाशा मंजुरी, बोअर, शौचाची टाकी, वीज जोडणी यांचे दोन लाख. साडेचौतीस लाखांत चार लहान घरं उभी राहिली. प्रत्येकी ४,५०० प्रमाणे महिन्याला १८,०००. वर्षातले साडेदहा महिने भरलेले धरले तर १,८९,०००. टँकर, घरपट्टी, दुरुस्ती यांत ४४,००० गेले, तर उरले १,४५,०००. टक्का सव्वाचारच्या आसपास.

आकडे तुमच्या गल्लीचे घालून बघा, पण चित्र साधारण हेच राहील: लहान खोल्या फ्लॅटच्या जवळपास दुप्पट देतात, आणि त्या बदल्यात तुमचा वेळ खातात. बोअरची मोटर बंद पडली की फोन तुम्हालाच येणार. पुण्या-मुंबईत नोकरी करून इकडे खोल्या बांधणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावं. जवळचा कुणी भाऊ, मेहुणा रोज लक्ष घालणार असेल तरच खोल्या, नाहीतर फ्लॅट.

पायरी २: किरायादार कोण, ते ठरवून मग गाव ठरवा

उलटं करू नका. आधी प्लॉट घ्यायचा आणि मग किरायाला कोण येतं ते बघायचं, यात वर्षं जातात.

लातुरात मागणी पोरांची. नीटची तयारी करणारी मुलं-मुली सगळ्या मराठवाड्यातून येतात. त्यांना क्लासपासून पायी जाता येईल अशी खोली, जवळ मेस आणि पाणी एवढं हवं असतं. इथे दर डोई किराया मिळतो, म्हणून हिशेब बरा दिसतो. पण नीट मे महिन्याच्या सुरुवातीला होते आणि त्यानंतर खोल्या धडाधड रिकाम्या होतात. पुन्हा भरायला जून-जुलै उजाडतो. वर्षाचे बारा महिने धरून गणित मांडणारा इथे फसतो. क्लासेसचा पट्टा सरकला तर दोन किलोमीटरवरच्या खोल्या ओस पडतात, हेही आहे. नांदेडमध्ये क्लासेसच्या भागात असाच प्रकार.

संभाजीनगरला कामगारांची मागणी. वाळूज भागात बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर इथे एका खोलीला आणि वन आरकेला माणूस पटकन मिळतो, तितक्याच पटकन जातोही. शेंद्रा आणि बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीकडे बघून आसपासच्या गावांत प्लॉटिंगचा सुकाळ झाला आहे. तिथे कारखाने येणार यात शंका नाही, पण कारखान्याच्या जागेचा करार झाल्यापासून कामगार राहायला येईपर्यंत मध्ये कित्येक वर्षं जाऊ शकतात. तोवर तुमच्या प्लॉटवर गाजरगवत वाढणार. पाच-सात वर्षं पैसा अडकवायची तयारी असेल तरच तिकडे बघा.

मला स्वतःला छोट्या गुंतवणूकदारासाठी तालुक्याची आणि जिल्ह्याची बऱ्यापैकी गावं जास्त आवडतात. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला कृषी विद्यापीठ. तिथे बदलीवर येणारे डॉक्टर, प्राध्यापक, बँकवाले असतात. दोन-तीन वर्षं राहतात, किराया वेळेवर देतात आणि बदली झाली की निमूट जातात. भाव उसळी मारत नाही, पण झोपही मोडत नाही.

पायरी ३: कागद

इथे घाई नको. बाकी सगळं घाईत उरकलं तरी निभतं, हे नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्याची सावली अजून सातबाऱ्यावर आहे. इनाम जमिनी, कुळाच्या जमिनी, देवस्थानाच्या, वक्फच्या, वतनाच्या जमिनी इकडे पावलोपावली भेटतात. कूळ कायदा इकडचा वेगळा, १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. म्हणून पुण्याच्या मित्राने दिलेली कागदपत्रांची यादी इथे पुरत नाही.

प्लॉटिंगची जमीन कुठल्या गटातून निघाली तो गट नंबर घ्या आणि त्याचा सातबारा स्वतः ऑनलाइन काढा. डिजिटल सही असलेल्या उताऱ्याला १५ रुपये लागतात. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत वाचायचीसुद्धा नाही. ती कधीची आहे आणि कुठे कापलेली आहे, ते कळत नाही. उतारा हातात आला की वरचं क्षेत्र बघण्याआधी दोन जागा बघा. एक, भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर पुढे चला. वर्ग २ असेल तर थांबा; सरकारी परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) याशिवाय ती जमीन विकता येत नाही. दोन, "इतर हक्क" हा रकाना. त्यात कुळाचं नाव, कूळ कायद्याच्या ३८-ई किंवा ५०-ब अशा कलमांचा उल्लेख, इनामाचा शेरा, बँकेचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम, पुनर्वसनाचा शेरा यांपैकी काहीही दिसलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

इनामातही फरक असतो. मदतमाश इनाम एखाद्या माणसाला उपजीविकेसाठी दिलेलं. ते सरकारी प्रक्रियेने वर्ग १ होऊ शकतं. खिदमतमाश हे मशीद, दर्गा, मंदिर यांच्या सेवेसाठी दिलेलं; त्या जमिनीच्या वाऱ्याला उभं राहू नका, मग रजिस्ट्री करून देणारा कितीही मोठा असो. वक्फची शंका असेल तर संभाजीनगरला पाणचक्कीजवळ वक्फ मंडळाचं कार्यालय आहे, तिथे गट नंबर देऊन लेखी विचारता येतं. गायरानाचंही तसंच. गायरानावर घरं उभी आहेत, वीज आहे, घरपट्टीसुद्धा लागते. मालकी मात्र सरकारची.

मग मागे जायचं. सातबाऱ्यावर आजचं नाव कसं आलं ते फेरफारांवरून कळतं. प्रत्येक फेर काढा आणि १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत साखळी जुळते का ते बघा. मराठवाड्यात जमिनीचा कज्जा निघाला की बहुतेक वेळा हेच पत्रक पुढे येतं. जुन्या नकला उर्दूत किंवा मोडीत असतील तर वाचून देणारा माणूस शोधावा लागतो. थोडे पैसे जातात, पण ते वाचवू नका.

फेर वाचताना वारसांवर नजर ठेवा. वडील गेले, तीन भावांची नावं लागली, बहिणींची कुठेच नाहीत. बहिणी नव्हत्या की वगळल्या? हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का? हिंदू वारसा कायद्यात २००५ ला दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. "बहिणीचं काही म्हणणं नाही, लग्नात सगळं दिलंय" हे वाक्य ऐकलं की इसार देणं थांबवा. रजिस्ट्रीनंतर वर्षभरात भावाने विकलेल्या जमिनीचा पैसा बहिणीच्या कानावर जातो आणि तुमच्या नावाने दिवाणी दावा लागतो. बहिणीची सही संमती देणारी म्हणून खरेदीखतावरच घ्या. ती पुण्याहून येईपर्यंत थांबावं लागलं तर थांबा.

वकिलाकडून किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बरेच दस्त दिसतात, पण जुने सगळे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातच जावं लागतं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर मालकाच्या नावाने तालुका आणि जिल्हा न्यायालयातले दावे स्वतः शोधा. शेवटी स्थानिक वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या. विकणारा नोटिशीला नाही म्हणत असेल, तर तो का नाही म्हणतो, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

गुंठेवारी आणि बॉण्डवरचे प्लॉट

हे मराठवाड्याचं जुनं दुखणं आहे, म्हणून वेगळं लिहितो.

गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे मंजूर ले-आउटशिवाय २०×३०, ३०×४० असे तुकडे पाडून बॉण्ड पेपरवर विकायचे, हा धंदा संभाजीनगर, जालना, नांदेड, सगळीकडे चालत आला. बॉण्डवर नोटरीचा शिक्का असतो, चतुःसीमा असतात, साक्षीदार असतात. मालकी मात्र नसते. मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे बॉण्डवाला दहा वर्षं राहिला, घर बांधलं, तरी सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचंच नाव. तो शेतकरी वारला की त्याची मुलं नव्याने हिशेब मागतात.

गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे. आधी तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटांना लागू होता. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्यांना संधी मिळाली. तेव्हा गुंठेवारीतला प्लॉट घ्यायचाच असेल, तर "होऊन जाईल नियमित" यावर जाऊ नका. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात असलेलाच घ्या. नसेल तर विकणाऱ्याने त्याच्या खर्चाने ते आणावं, तोपर्यंत फक्त इसार.

तुकडेबंदीचं, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे विकायला असलेल्या बंदीचंही असंच. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान शेततुकड्याची रजिस्ट्री सहजी होत नाही. २०२५ मध्ये शहरी पट्ट्यातल्या जुन्या तुकड्यांना दिलासा देण्याचा निर्णय झाला आणि तेव्हापासून एजंटांच्या तोंडी तोच विषय आहे. तुमच्या गटाला तो लागू आहे का, हे तहसील कार्यालयात अर्ज देऊन लेखी विचारा. शिवाय शेतजमीन म्हणून रजिस्ट्री करायची, तर घेणाराही शेतकरी असावा लागतो.

क्षेत्राचा एक गोंधळ इथेच मिटवा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर गुंठे नसतात, हेक्टर आणि आर असतात; एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, १,०७६ चौरस फूट. दोन्ही एकच समजून भाव ठरवला की दहा आरमागे सव्वाशे चौरस फुटांचा घोळ होतो.

पायरी ४: जागेवर दोनदा जा

पाणी मे महिन्यात बघा, रस्ता जुलैत.

मेमध्ये शेजारच्या चार घरांत विचारा: नळाला पाणी किती दिवसांनी येतं, बोअर किती फुटांवर लागली, टँकर कितीला पडतो. घरमालकाला विचारू नका, किरायादाराला विचारा. तो खरं बोलतो. नाथसागर इतका जवळ असून संभाजीनगरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने आलं आहे, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण. एका प्लॉटला पाणी लागतं आणि तीस फुटांवर बोअर कोरडी जाते. टँकरचा खर्च किरायात धरला नसेल तर पायरी १ चं गणित पुन्हा मांडा.

जुलैत पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी जा. ले-आउटच्या नकाशावरचा ९ मीटरचा रस्ता जागेवर खरंच आहे का, त्यात दुचाकी रुतते का, शेजारच्या नाल्याचं पाणी कुठपर्यंत चढतं, हे डोळ्यांनी दिसतं. प्लॉटपर्यंतचा रस्ता दुसऱ्याच्या गटातून जात असेल, तर त्याचा कागद मागा. नुसती वहिवाट असेल तर शेजाऱ्याशी बिनसलं की तो तार ओढतो.

काळ्या मातीचं नीट बघा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हातभर भेगा पडतात. वरवर पाया घेऊन बांधलेल्या घराच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या चिरा जातात. शेजारच्या पाच-सात वर्षं जुन्या घरांच्या भिंती बघा, माती आपोआप कळते. मुरूम लागेपर्यंत खोदायचं की पाइल घ्यायचे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद यांनीच जास्त माणसं दाबली. गावठाणातलं जुनं माळवदाचं घर किरायाला द्यायला घेत असाल, तर त्याची किंमत फक्त जागेची धरा.

जाण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली तर उत्तम. हद्द कायम मोजणीचा नकाशा हातात असला, की शेजारच्याने फूटभर कुंपण सरकवलंय का ते लगेच कळतं.

पायरी ५: इसार ते रजिस्ट्री

इसारपावती साध्या कागदावर नको. मुद्रांकावर करा, शक्य असेल तर नोंदवा, आणि तिच्यात हे स्पष्ट लिहा: कागद सदोष निघाला तर इसार किती दिवसांत परत. मुदत देताना मोजणी, सर्च, कर्जमंजुरी यांना पुरेल एवढी घ्या.

पैसे बँकेतूनच द्या. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही. दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतकाच बसू शकतो. हे विकणाऱ्याला शांतपणे सांगा, तोही बहुधा ऐकतो.

"रजिस्ट्री कमी किमतीची करू, खर्च वाचेल" हा सल्ला सर्रास मिळतो. मुद्रांक शुल्क तर सरकारी मूल्यांकन आणि प्रत्यक्ष किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. किंमत सरकारी मूल्यांकनापेक्षा बरीच खाली दाखवली, तर फरकावर प्राप्तिकर लागू शकतो. आणि तुम्ही पुढे विकाल तेव्हा खरेदी किंमत कागदावर कमी असल्याने नफा फुगलेला दिसतो, म्हणजे कर तुम्हीच भरणार. आज वाचवलेले पन्नास हजार तेव्हा व्याजासकट जातात. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. वाचवायचंच असेल तर हा रस्ता सरळ आहे. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची.

रजिस्ट्री झाली म्हणजे काम संपलं असं नाही. फेर मंजूर होऊन सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव लागेपर्यंत तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे चकरा मारा. घरपट्टी, नळ, वीज मीटर नावावर करून घ्या. रिकाम्या प्लॉटला लगेच तारेचं कुंपण घाला आणि नावाची पाटी लावा.

फ्लॅट घेत असाल तर

यावर थोडक्यात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवलेला असलाच पाहिजे. मोठ्या प्लॉटिंगलाही हे लागू आहे. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून ताबा कधीचा लिहिलाय आणि तक्रारी किती आहेत ते बघा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भाव कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्रावर) काढा, सुपर बिल्टअपवर (जिना, भिंती, सामाईक जागा धरून होणाऱ्या क्षेत्रावर) नाही. बांधकाम चालू असेल तर जीएसटी लागतो, साधारण ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांना १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या फ्लॅटला लागत नाही. किरायासाठी घेणाऱ्याने तयार फ्लॅटच घ्यावा असं माझं मत आहे, कारण ताबा लांबला की किराया बुडतो आणि हप्ता चालूच राहतो. सिडकोतलं घर असेल तर जमीन भाडेपट्ट्याची आहे का, हस्तांतरणाला सिडकोचं पत्र लागतं का, ते आधी विचारा.

गुत्तेदाराकडून बांधून घेत असाल तर मजुरीचा दर आणि मालाचा दर वेगळे लिहून घ्या, आणि पैसे स्लॅबप्रमाणे द्या, तारखेप्रमाणे नाही.

पायरी ६: किरायादार

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रापुरती तरी चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर किरायादार सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जाऊ शकतात. खर्च बघा: महिना ८,००० आणि अनामत २०,००० असेल तर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क सव्वादोनशेच्या आसपास येतं, नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. घरबसल्या ऑनलाइन होतं. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. ही सोय नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सलाच.

पोलिसांकडे किरायादाराची माहिती द्या. विद्यार्थी असेल तर करार पालकाच्या नावाने करा आणि गावाकडच्या घरचा पत्ता, फोन घ्या. वीज मीटर प्रत्येक घराला वेगळं बसवा. एका मीटरवर चार घरं ठेवली की दर महिन्याला कूलरवरून भांडण. पाण्याचं करारातच लिहा: टाकी दिवसातून किती वेळा भरणार, टँकर आला तर पैसे कोण देणार. उन्हाळ्यातली निम्मी भांडणं या एका ओळीने टळतात.

जात-धर्म बघून खोली नाकारणारे मालक आपल्याकडे कमी नाहीत. असं करू नये हे तर आहेच, पण व्यवहारातही त्यांच्याच खोल्या जास्त दिवस रिकाम्या असतात.

काही प्रश्न, जे नेहमी येतात

*किरायावर कर किती?* वर्षभराच्या किरायातून भरलेली घरपट्टी वजा करा. उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीला खर्च केला असो वा नसो. कर्जाचं व्याजही वजा होतं, पण नवीन करप्रणालीत त्यातून निघालेला तोटा पगारातून वळता करता येत नाही.

*भावाबरोबर अर्धं-अर्धं घेऊ का?* घ्या, पण कुणी किती पैसे घातले ते खरेदीखतात टक्क्यांत लिहा, आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर दुसऱ्याने कुठल्या भावाने घ्यायचं, हेही वेगळ्या कागदावर आजच ठरवा. प्रेम आहे तोवर हे लिहिणं सोपं जातं.

*मावेजाचे सगळे पैसे एकाच जागेत घालू का?* नाही. किमान वर्षभराचा घरखर्च आणि एका हंगामाचं बी-बियाणं, खत एवढं बँकेत राहू द्या. प्लॉट गरजेच्या दिवशी विकला जात नाही.

*विकायचं झालं तर?* दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या जागेवरचा नफा दीर्घकालीन धरला जातो आणि १२.५ टक्के कर लागतो. जागा २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असेल, तर महागाईची वजावट घेऊन २० टक्के हा पर्यायही निवडता येतो. दोन्ही मांडून बघा आणि कमी असेल तो घ्या. नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर सवलत मिळते. बांधकामाची बिलं, नकाशा मंजुरीच्या पावत्या, मुद्रांकाची चलनं एका फाइलमध्ये ठेवा, कारण सुधारणेचा खर्च दाखवायला त्याच लागतात. त्याच फाइलमध्ये सर्च रिपोर्ट, मोजणीचा नकाशा आणि जुने फेरही ठेवा. घ्यायला येणाऱ्याची बँक पहिल्याच भेटीत तेच मागते, आणि ती फाइल तयार असलेल्या मालकाला भावात फारशी घासाघीस करावी लागत नाही.